जुनी पेट्रोल गाडी पीयूसीत पास करायची? पार्ट बदलण्याआधी स्लिपवरचे आकडे वाचा

पीयूसीत जुनी गाडी फेल झाली की बहुतेक लोक दोनपैकी एक करतात. एकतर असं सेंटर शोधतात जिथे सायलेन्सरमध्ये नळी न घालताच कागद हातात पडतो, नाहीतर गॅरेजला गाडी लावून "जरा ट्यूनिंग करून द्या" म्हणतात, मग प्लग बदलले जातात, फिल्टर बदलला जातो, इंजेक्टर क्लीनरची बाटली टाकीत ओतली जाते आणि गाडी परत फेल होते. या सगळ्यात मशीनने जे आकडे दिलेले असतात ते कोणी वाचतच नाही. त्या आकड्यांवरून बऱ्याचदा सरळ कळतं की गाडी पेट्रोल जास्त पितेय, का कुठलातरी सिलेंडर नीट पेटत नाहीये, का कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेलाय, आणि तिन्हींचा इलाज वेगळा, खर्चही वेगळा.

हा लेख मुख्यतः दहा ते पंचवीस वर्षं जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे, म्हणजे मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो, वॅगनआर, जुनी अल्टो, होंडा सिटी अशा. डिझेल आणि सीएनजीबद्दल शेवटी थोडं लिहिलंय.

आधी बघा, तुमच्या गाडीला कुठली मर्यादा लागते

पीयूसीच्या मर्यादा केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११५ व्या नियमात आहेत आणि पेट्रोल गाडीला दोन गोष्टी मोजतात, कार्बन मोनॉक्साइड म्हणजे सीओ टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन म्हणजे एचसी पीपीएममध्ये. गाडी प्रदूषणाच्या कुठल्या सरकारी टप्प्यातली आहे (भारत स्टेज, म्हणजे बीएस) त्यावर मर्यादा ठरते. चारचाकी पेट्रोल गाडी बीएस-२ च्या आधीची असेल तर सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पर्यंत चालतं. बीएस-२ आणि बीएस-३ ला सीओ ०.५ टक्के, एचसी ७५०. बीएस-४ ला सीओ ०.३, एचसी २००, आणि वर इंजिन २५०० आरपीएमच्या आसपास धरून दुसरं रीडिंग घ्यायचं असतं, त्यात सीओ ०.२ च्या आत आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ च्या मध्ये हवा.

आता गंमत अशी की गाडीच्या नुसत्या सालावरून तिचा बीएस कळत नाही, ती कुठे विकली गेली तेही बघावं लागतं. बीएस-२ मुंबईत २००१ मध्येच आलं, पूर्ण देशात २००५ मध्ये. बीएस-३ मुंबई-पुण्यात २००५ ला, बाकी देशात २०१० ला. बीएस-४ मुंबई, पुणे, सोलापूर धरून तेरा शहरांत एप्रिल २०१० ला आणि सगळीकडे एप्रिल २०१७ ला. म्हणजे २०१२ ची एखादी गाडी पुण्यात घेतलेली असेल तर बीएस-४ असणार आणि तिला एचसी २०० ची मर्यादा, आणि तेच मॉडेल त्याच वर्षी कोल्हापुरात घेतलेलं असेल तर ते बीएस-३ असू शकतं आणि त्याला ७५० चालतं. मारुती ८०० तर बीएस-४ मध्ये कधी आलीच नाही, म्हणूनच एप्रिल २०१० पासून त्या तेरा शहरांत तिची विक्री बंद झाली, त्यामुळे ८०० कुठल्याही वर्षाची असो, तिला ०.३ आणि २०० चा नियम लागतच नाही.

म्हणून पहिलं काम, आरसी किंवा परिवहनच्या साइटवर गाडीच्या नोंदीत एमिशन नॉर्म काय लिहिलंय ते बघा. जुन्या गाड्यांच्या नोंदीत तिथे बऱ्याचदा रिकामं असतं किंवा चुकीचं असतं. बीएस-३ गाडी चुकून बीएस-४ म्हणून चढली असेल तर तुम्ही विनाकारण कॅटकॉनच्या मागे पैसे घालवत बसाल. कागद चुकलेला असेल तर तो आधी आरटीओत दुरुस्त करून घ्या, गाडीला हात नंतर लावा. सर्टिफिकेटची मुदतही यावरच ठरते, बीएस-४ आणि पुढच्यांना एक वर्ष, त्याआधीच्यांना सहा महिने.

पहिलं रीडिंग, काहीही बदलायच्या आधी

जुनं सर्टिफिकेट संपायला तीन-चार आठवडे असतानाच हे करा. शेवटच्या दिवशी गेलात की दुरुस्तीला वेळ उरत नाही, आणि पीयूसी नसताना गाडी चालवली तर कायद्यात दहा हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. ज्यांची गाडी पंधरा वर्षांची होतेय आणि आरसी रिन्यू करायचीय त्यांनी तर आणखी आधी सुरुवात करावी, तिथे पीयूसी लागतंच.

ओळखीच्या सेंटरवर जाऊन सरळ सांगा की मला सर्टिफिकेट आत्ता नको, फक्त लाइव्ह रीडिंग बघायचंय, त्याचे काय ते पैसे घ्या. काही मोठ्या गॅरेजकडे स्वतःचं गॅस ॲनालायझर असतं, तिथे गेलात तर उत्तमच, कारण दुरुस्ती करता करता रीडिंग बघता येतं. मशीन चार गॅसचं असेल तर सीओ आणि एचसीसोबत कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनचे आकडेही लिहून घ्या, किंवा स्क्रीनचा फोटो काढा. रीतसर टेस्टमध्ये फेल झालात तर २०२१ च्या नव्या पद्धतीप्रमाणे रिजेक्शन स्लिप मिळायला हवी, ती मागून घ्या, टाकून देऊ नका, मेकॅनिकला दाखवायचा खरा कागद तोच.

दोन गोष्टींवर लक्ष ठेवा. नळी सायलेन्सरमध्ये किमान फूटभर आत गेली पाहिजे, नुसती तोंडाशी टेकवली तर बाहेरची हवा मिसळते आणि रीडिंग खोटं कमी येतं. आणि टेस्टच्या आधी मशीन मोकळ्या हवेत झीरो झालेलं असावं, मागच्या गाडीचा धूर अजून नळीतच असेल तर तुमच्या गाडीच्या नावावर दुसऱ्याचं एचसी चढतं.

आकडे काय सांगतात

सीओ जास्त म्हणजे मिक्स्चर रिच आहे, हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जातंय. अर्धवट जळलेल्या पेट्रोलचा सीओ होतो. इथे प्लग बदलून काही होत नाही, पेट्रोल जास्त का जातंय किंवा हवा कमी का पडतेय ते शोधायचं.

एचसी जास्त आणि सीओ ठीक किंवा कमी असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर येतंय, म्हणजे गाडी मिसिंग करतेय. प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅप, टायमिंग, टॅपेट, कॉम्प्रेशन, नाहीतर कुठूनतरी फुकटची हवा ओढली जाऊन मिक्स्चर इतकं लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालंय की नीट पेटतच नाही.

दोन्ही जास्त असतील तर मिक्स्चर खूपच रिच आहे, किंवा कॅटकॉन काम करत नाहीये, किंवा इंजिन नीट गरम न होताच टेस्ट झालीय.

दोन्ही कमी आहेत पण ऑक्सिजन खूप जास्त आणि कार्बन डायऑक्साइड कमी असेल तर त्या रीडिंगवर विश्वास ठेवू नका. चांगल्या चालणाऱ्या इंजिनात कार्बन डायऑक्साइड साधारण १४-१५ टक्क्यांच्या आसपास येतो आणि ऑक्सिजन एक टक्क्याच्या आत असतो. तसं नसेल तर सायलेन्सरला भोक आहे किंवा नळी नीट आत गेलेली नाही.

माझं स्पष्ट मत आहे की हे चार मुद्दे ज्या मेकॅनिकला सांगता येत नाहीत त्याच्याकडे पीयूसीच्या कामासाठी गाडी देऊ नये, बाकी कामात तो कितीही चांगला असला तरी.

स्वस्तातली कामं आधी

एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरा. आरपार उजेड दिसत नसेल तर बदला, फुंकून परत लावू नका, फार महागाची वस्तू नाहीये ती. फिल्टरचा डबा नीट बसतोय का आणि पाइप चिरलाय का तेही बघा. खडीच्या, धुळीच्या रस्त्यावर रोज चालणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीने सांगितलेल्या किलोमीटरच्या खूप आधी चोक होतो.

इंजिन ऑइलची काडी काढून वास घ्या. पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइलमध्ये पेट्रोल उतरलंय, रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाड्यांत हे हमखास होतं. ते पेट्रोल वाफ होऊन पीसीव्ही व्हॉल्व्हच्या वाटेने परत इंजिनात ओढलं जातं आणि सीओ वाढतो. नवीन ऑइल, नवीन ऑइल फिल्टर, आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवून बघा, खुळखुळ वाजला पाहिजे, चिकटलेला असेल तर साफ करा नाहीतर बदला.

प्लग चारही (८०० आणि बहुतेक जुन्या अल्टोंना तीनच) काढून ओळीने कागदावर ठेवा, कुठला कुठल्या सिलेंडरचा ते लिहून. फिकट चॉकलेटी रंग म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे मिक्स्चर रिच. ओला, तेलकट काळा म्हणजे त्या सिलेंडरमध्ये ऑइल येतंय. पांढराफटक म्हणजे लीन. सगळे सारखेच काळे असतील तर दोष पेट्रोलच्या पुरवठ्यात आहे, एकच वेगळा असेल तर त्या एका सिलेंडरमध्ये आहे. ही एवढी माहिती फुकटात मिळते आणि तरी लोक जुने प्लग न बघताच फेकून देतात. गॅप मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच ठेवा, फीलर गेजने मोजून.

प्लगच्या वायरींसाठी रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, करंट लीक होत असेल तर बारीक निळ्या ठिणग्या दिसतात. पावसाळ्यात मिसिंग करणारी आणि उन्हाळ्यात ठीक चालणारी गाडी असेल तर वायरी आणि डिस्ट्रिब्युटर कॅपवर पहिला संशय घ्या. बघताना वायरींना हात लावू नका, झटका जोरात बसतो.

मग रबरी पाइप. जुन्या गाडीत इनटेकवरचे छोटे व्हॅक्यूम पाइप कडक होऊन चिरतात, नाहीतर कधीतरी कोणीतरी काढून स्क्रू घालून बंद केलेले असतात. इंजिन आयडलवर ठेवून एकेक पाइप चिमटीत दाबून बघा, एखादा दाबल्यावर आवाज बदलून इंजिन सुधारलं तर गळती त्याच बाजूला आहे. गरम इंजिनवर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारून गळती शोधायची पद्धत आहे पण आग लागू शकते, घरी करू नका.

आणि एक महत्त्वाचं, ज्याकडे कोणाचं लक्षच जात नाही, थर्मोस्टॅट. आपल्याकडे गाडी एकदा ओव्हरहीट झाली की मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, "आपल्या हवामानात लागत नाही" म्हणून. कार्ब्युरेटरवाल्या गाडीत ते कसंबसं खपून जातं, पण एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) गाडीत इंजिन नीट गरम झालं नाही तर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, वाटतं गाडी अजून थंडच आहे, मग ते जास्तीचं पेट्रोल देत राहतं आणि तुम्ही इकडे कितीही ट्यूनिंग करा, सीओ खाली येत नाही. टेम्परेचरचा काटा हायवेवर खाली पडत असेल तर थर्मोस्टॅट आहे का आणि चालतो का ते बघा. कूलंट टेम्परेचर सेन्सर खराब असला तरी परिणाम तोच. पार्ट छोटाच आहे, पण यापायी लोकांनी ऑक्सिजन सेन्सर बदललेले आहेत.

सायलेन्सरची गळतीही आत्ताच बघून घ्या. थंड गाडी चालू करून मागचं तोंड जाड फडक्याने अर्धं दाबलं की भोकांतून फुसफुस ऐकू येते. मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळ काळे डाग दिसले तर तिथूनही लीक आहे. हे आणि इंजिन चालू ठेवून करायचं कुठलंही काम उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये नाही. सीओला वास नसतो, डोकं दुखायला लागेपर्यंत कळत नाही, आणि माणसं यात दगावलेली आहेत.

कार्ब्युरेटरवाली गाडी असेल तर

२००० च्या आसपासपर्यंतच्या ८००, झेन, ओम्नी, प्रीमियर पद्मिनी वगैरे. मिक्स्चर स्क्रू सर्वात शेवटी फिरवायचा, आधी प्लग, पॉइंट, टायमिंग, टॅपेट नीट करून घ्यायचं. उलट क्रमाने केलं तर एका दोषावर दुसऱ्या दोषाचं पांघरूण पडतं आणि महिनाभरात गाडी होती तिथेच येते.

पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर असेल तर पॉइंट जळालेत का, गॅप बरोबर आहे का आणि कंडेन्सर ठीक आहे का ते बघा. टायमिंग कानाने लावू नका, टायमिंग लाइट वापरणारा मेकॅनिक शोधा. पिकअप वाढवायला टायमिंग पुढे घेऊन ठेवायची सवय असते, त्याने आयडलला एचसी वाढतं. डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा पडदा फाटलेला नाही ना तेही तपासा. टॅपेट घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि एचसी वाढतं, गाडीचा आवाज मात्र अगदी शांत येतो, त्यामुळे कोणाला संशय येत नाही. टॅपेट थोडे वाजलेले परवडतात, घट्ट नकोत.

मग चोक. एअर फिल्टरचं झाकण काढून गरम इंजिनवर बघा, चोकची पाकळी पूर्ण उभी उघडलेली पाहिजे. केबल गंजल्यामुळे नॉब आत ढकलला तरी पाकळी अर्धी बंदच राहते, आणि सीओ चार-पाच टक्क्यांवर जाऊन बसतो. फ्लोटची सुई झिजली असेल तर कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल भरून वाहतं, गाडी बंद केल्यावर बराच वेळ पेट्रोलचा वास येतो, उन्हात उभी करून परत चालू करताना त्रास देते. किट बदलताना जेट कंपनीच्या नंबरचेच आहेत का बघा, मायलेजसाठी किंवा पिकअपसाठी कोणीतरी भलतेच घातलेले असतात.

हे सगळं झाल्यावर गाडी ॲनालायझरला लावून ट्यूनिंग. इंजिन पूर्ण गरम, एसी आणि लाइट बंद, आयडल ८००-९०० च्या आसपास किंवा मॅन्युअलप्रमाणे. मिक्स्चर स्क्रू एका वेळी पाव फेरीपेक्षा कमी आत घ्यायचा आणि थांबायचं, कारण गॅस नळीतून मशीनपर्यंत जायला दहा-वीस सेकंद लागतात, लगेच फिरवत राहिलात तर नेहमी पुढे निघून जाल. सीओ खाली येत जाईल, एका टप्प्यानंतर एचसी अचानक वर चढायला लागेल आणि इंजिन थरथरेल, तिथे मिक्स्चर जास्तच लीन झालंय, तिथून थोडं मागे या. आयडल परत सेट करा, परत रीडिंग बघा. नुसता सीओ कमी करण्याच्या नादात एचसीने फेल होणाऱ्या गाड्या खूप असतात.

आजकालच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचंही यात लक्षात ठेवा. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे कार्ब्युरेटरवर मिक्स्चर आपोआप लीनकडे झुकतं, जुनी सेटिंग तशीच चालेल असं नाही. शिवाय जुने रबरी पाइप आणि कार्ब्युरेटरचे डायफ्रॅम त्याने लवकर खराब होतात, तर फ्यूल पाइप नवे घालताना इथेनॉल चालणारेच मागा.

एमपीएफआय गाडी असेल तर

इथे फिरवायला स्क्रू नाही, ईसीयू सेन्सरवर विसंबून पेट्रोल ठरवतं, म्हणून सेन्सर खोटं बोलतोय का ते शोधायचं. चेक इंजिनचा दिवा लागलेला असेल तर आधी स्कॅनरवर कोड वाचून घ्या. २०१० च्या आधीच्या बऱ्याच गाड्यांना बाजारातला साधा ओबीडी स्कॅनर चालत नाही, त्या कंपनीची प्रोटोकॉल असलेला स्कॅनर लागतो, तो जुन्या मल्टिब्रँड गॅरेजवाल्यांकडे असतो. किल्ली फिरवल्यावर हा दिवा क्षणभर तरी लागतो का तेही बघा, विकताना बल्बच काढून टाकलेल्या गाड्या असतात.

ऑक्सिजन सेन्सर ठीक असेल तर गरम इंजिनवर त्याचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या मध्ये सतत वर-खाली नाचतं. एका जागी चिकटून बसलं असेल किंवा फार हळू हलत असेल तर सेन्सर थकलाय. पण बदलायच्या आधी मॅनिफोल्डची गळती नक्की बंद करा. सेन्सरच्या आधी भोक असेल तर तिथून बाहेरची हवा आत येते, सेन्सर म्हणतो मिक्स्चर लीन आहे, ईसीयू आणखी पेट्रोल ओततं, आणि सीओ वाढतो. सेन्सर इथे खरंच सांगत असतो, हवा चुकीच्या जागेहून आलेली असते.

फ्यूल प्रेशर रेग्युलेटर रेलवर असलेल्या गाड्यांमध्ये त्याचा व्हॅक्यूम पाइप काढून बघा. पाइपात पेट्रोलचा थेंब दिसला तर आतला पडदा फाटलाय आणि कच्चं पेट्रोल थेट इनटेकमध्ये जातंय. मॅप सेन्सरचा (इनटेकमधलं प्रेशर मोजणारा सेन्सर) बारीक पाइप चिरला तरी गाडी रिच होते. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. इंजेक्टर काढून मशीनवर धुवून घेतलेले बरे, तिथे प्रत्येकाचा फवारा डोळ्यांनी दिसतो, कुठला गळतोय ते कळतं. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी गळणारा इंजेक्टर बरा होत नाही.

कॅटकॉन, सगळ्यात शेवटी

१९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, म्हणजे त्या काळच्या काही कार्ब्युरेटर गाड्यांनाही तो आहे. बीएस-४ गाडी त्याच्याशिवाय ०.३ आणि २०० मध्ये येणं जवळपास अशक्य.

तो आपणहून सहसा मरत नाही, त्याला मारलं जातं. मिसिंग करणाऱ्या इंजिनातलं कच्चं पेट्रोल त्याच्यात जाऊन जळतं आणि आतली जाळी वितळते, किंवा इंजिन ऑइल खातं आणि जाळीवर थर बसतो. म्हणून इंजिन दुरुस्त न करता नवा कॅटकॉन लावला तर तोही जाणार. गाडी थंड असताना डब्याला हाताने ठोका, खुळखुळला तर जाळी फुटलीय. काहीच आवाज नाही आणि वजनालाही हलका लागला तर आत जाळी नसण्याचीच शक्यता जास्त, "पिकअप वाढतो" म्हणून ती फोडून रिकामा डबा परत लावायचा प्रकार सर्रास चालतो, जुनी गाडी विकत घेताना हे बघाच. गरम गाडीवर इन्फ्रारेड थर्मामीटरने आधीचं आणि नंतरचं तापमान बघता येतं, चालू कॅटकॉनचं मागचं टोक बऱ्याचदा जास्त गरम असतं, पण ही ढोबळ खूण आहे, यावरून एकट्याने खर्चाचा निर्णय घेऊ नका.

मूळ पार्ट महाग पडतो. स्वस्त लोकल घेणार असाल तर आधी आणि नंतर ॲनालायझरवर फरक दाखवायच्या अटीवर घ्या.

इंजिनच थकलं असेल तर

सगळं करूनही एचसी खाली येत नसेल तर कॉम्प्रेशन टेस्ट करा. एखादा सिलेंडर बाकीच्यांपेक्षा बराच कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजा. वाढलं तर रिंग गेल्यात, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबत असेल तर व्हॉल्व्ह सील, ते तुलनेने कमी खर्चात होतं. चढावर किंवा रेस दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर रिंगचं काम, तिथे गाडीची किंमत आणि खर्च शांतपणे मांडून बघायला हवा. जाड ऑइल घालून धूर लपवायचा सल्ला मिळेल, चार दिवस धूर कमी दिसतो, पण झिजलेल्या रिंग त्याने भरून येत नाहीत.

टेस्टच्या दिवशी

टाकीत ताजं पेट्रोल असू द्या, महिनोनमहिने उभ्या गाडीतल्या जुन्या पेट्रोलवर टेस्ट देऊ नका. जायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं गाडी मोकळ्या रस्त्यावर थोड्या वरच्या आरपीएमला चालवा, शक्यतो एक गिअर खाली ठेवून. नुसतं घराखाली आयडलवर ठेवून इंजिन गरम होतं पण कॅटकॉन होत नाही, तो साधारण अडीचशे-तीनशे अंशाला जाऊन मग काम सुरू करतो. सेंटरवर रांग असेल आणि गाडी बंद करून थांबायला लागलं तर नळी घालायच्या आधी दोनेक मिनिटं २५०० च्या आसपास रेस धरा आणि मग आयडलवर सोडा. एसी, पंखा, लाइट बंद. चोक पूर्ण आत. शक्य असेल तर सकाळी लवकर किंवा दुपारी गर्दी नसताना जा, ऑपरेटर घाईत नसला की नीट टेस्ट करतो.

आणि नळी न घालता कागद देत असेल तर तिथून निघा. शे-दीडशे रुपयांत आपल्या इंजिनच्या तब्येतीची एवढी माहिती दुसरीकडे कुठे मिळत नाही, ती सोडून नुसता कागद घेणं हे आपलंच नुकसान आहे, आणि सिग्नलला आपल्या मागे उभा असलेला टू-व्हीलरवाला तोच धूर नाकात घेतो.

डिझेल आणि सीएनजीवाल्यांसाठी थोडक्यात

डिझेलला सीओ-एचसी नाही, धुराची घनता मोजतात. बीएस-४ च्या आधीच्या गाडीला २.४५ आणि बीएस-४ ला १.६२ ही मर्यादा. टेस्टमध्ये न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून इंजिन कमाल वेगापर्यंत नेतात, तेही अनेकदा, म्हणून टायमिंग बेल्टची मुदत संपलेली असेल तर आधी तो बदला, बेल्ट तिथेच तुटला तर बहुतेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात. काळ्या धुरासाठी क्रमाने एअर फिल्टर, टर्बोचे पाइप, ईजीआरमधला (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) कार्बन, मग नॉझल आणि शेवटी पंप. पिकअपसाठी पंपाचं डिझेल वाढवून ठेवलं असेल तर ते परत मूळ जागी आणल्याशिवाय बाकी काही करून उपयोग नाही. टेस्टच्या आधी अर्धा तास हायवेवर गाडी जोरात चालवली की सायलेन्सरमधली काजळी निघून जाते.

सीएनजी किट नंतर बसवलेलं असेल तर आधी आरसीवर त्याची नोंद आणि सिलेंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट बघा. गॅसवर प्लग आणि वायरींची कमजोरी जास्त उघडी पडते, एचसी वाढलं तर पहिला संशय तिथेच. गाडी वर्षभर गॅसवरच चालवली असेल आणि टेस्ट पेट्रोलवर द्यायची असेल तर आधी आठवडाभर पेट्रोलवर चालवा, इंजेक्टर चिकटलेले असतात.

सर्टिफिकेट हातात आल्यावर

सेंटर सोडायच्या आधी गाडी नंबर, इंधन, एमिशन नॉर्म आणि मुदत तिथेच वाचा. मग मोबाइलवर परिवहनच्या साइटवर नोंद चढलीय का बघा, चढली नसेल तर ऑपरेटर समोर असतानाच सांगा, नंतर तोच कागद घेऊन फेऱ्या माराव्या लागतात. सीओ आणि एचसीचे आकडे तारीख आणि किलोमीटरसकट सर्व्हिस बुकात लिहून ठेवा. बीएस-३ गाडीचं एचसी मागच्या वेळी २२० होतं आणि आता ४८० आलंय तर ती पास झालीय, तरी प्लग-वायरी आणि टॅपेट आत्ताच बघून घ्या, पुढच्या सहा महिन्यांत ती ७५० च्या वर जायची वाट बघू नका.